फॅड आहार

फॅड आहार म्हणजे अल्पावधीत लक्षणीय वजन घटवण्याचे आश्वासन देणारी, काही काळ अत्यंत लोकप्रिय होणारी, परंतु त्या आश्वासनाला पुरेसा वैज्ञानिक आधार नसलेली आहारपद्धती होय. अशा पद्धतींत बहुधा एखादा अन्नगट पूर्णपणे वर्ज्य केला जातो, एखाद्या पदार्थाला चरबी 'जाळण्याची' शक्ती बहाल केली जाते, किंवा खाण्याच्या वेळा व पदार्थांच्या जोड्या यांविषयी कडक नियम घालून दिले जातात. शरीरातील चरबी घटवण्याचा शास्त्रीय मार्ग याहून वेगळा आहे. तो ऊर्जेचा समतोल, पुरेशी प्रथिने, व्यायाम आणि दीर्घकाळ पाळता येतील असे आहारातील बदल यांवर आधारलेला असतो.

फॅड आहाराने वजन घटतच नाही, असे म्हणणे बरोबर नाही. बहुतेक फॅड आहारांनी पहिल्या काही आठवड्यांत वजन घटते आणि त्यांच्या लोकप्रियतेचे कारणही तेच आहे. खरे प्रश्न तीन आहेत: घटले ते चरबीचे वजन की पाण्याचे व स्नायूंचे, ते सांगितलेल्या कारणानेच घटले काय, आणि वर्ष-दोन वर्षांनंतर त्यातील किती घट टिकली.

स्वरूप

एखादा आहार फॅड आहे की नाही, हे केवळ त्यातील पदार्थांवरून ठरत नाही. कीटोजेनिक आहार हे याचे उत्तम उदाहरण आहे. पिष्टमय पदार्थ जवळजवळ वगळून स्निग्ध पदार्थांवर भर देणारा हा आहार १९२१ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉक्टर रसेल वाइल्डर यांनी अपस्माराच्या उपचारासाठी सुचवला. औषधांना दाद न देणाऱ्या बालकांच्या अपस्मारात तो आजही वैद्यकीय देखरेखीखाली वापरला जातो. तोच आहार 'कीटो' या नावाने, सर्वांना लागू पडणारा चरबीवरील रामबाण उपाय म्हणून सांगितला जातो, तेव्हा त्याला फॅडचे रूप येते. थोडक्यात, येथे पदार्थांपेक्षा दावा महत्त्वाचा असतो.

या दाव्यांची ठेवण बरीचशी ठरावीक असते. परिणाम आठवड्यांत किंवा दिवसांत मोजलेला असतो. लठ्ठपणाचे एकच कारण सांगितले जाते: कधी साखर, कधी गहू, कधी 'साठलेली विषद्रव्ये'. पुराव्यादाखल अनुभवकथन आणि आधीची-नंतरची छायाचित्रे दिली जातात. जे मध्येच सोडून गेले किंवा ज्यांचे वजन परत वाढले, त्यांची नोंद कोठेच नसते. पुष्कळदा पद्धतीसोबत एखादे उत्पादनही विकले जाते. 'डिटॉक्स' म्हणून दिले जाणारे रस या प्रकारात मोडतात. शरीरातील घातक द्रव्यांवर प्रक्रिया करून ती बाहेर टाकण्याचे काम यकृत व मूत्रपिंडे अखंड करीतच असतात, आणि रसांनी नेमके कोणते द्रव्य बाहेर पडते, हे अशा जाहिरातींत क्वचितच सांगितलेले आढळते.

इतिहास

आधुनिक काळातील पहिला गाजलेला आहार लंडनमधील विल्यम बँटिंग यांचा मानला जातो. बँटिंग अंत्यसंस्काराची व्यवस्था करणारे व्यावसायिक होते. त्यांची उंची ५ फूट ५ इंच आणि वजन २०२ पौंड, म्हणजे सुमारे ९२ किलो होते. ऐकू कमी येऊ लागल्याने ते विल्यम हार्वे या शल्यचिकित्सकाकडे गेले असता त्यांनी पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे बंद करण्यास सांगितले. साधारण वर्षभरात बँटिंग यांचे वजन ४६ पौंडांनी उतरले. हा अनुभव त्यांनी १८६३ मध्ये पुस्तिकेच्या रूपाने स्वखर्चाने प्रसिद्ध केला. त्यांचे नाव इंग्रजीत काही काळ क्रियापदासारखे वापरले गेले आणि स्वीडिश भाषेत वजन घटवण्यासाठी कमी खाणे या अर्थाचा 'बांता' हा शब्द आजही रूढ आहे. बँटिंग यांनी आपली पद्धत विकली नाही. पुढच्या अनेकांविषयी असे म्हणता येत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत होरेस फ्लेचर यांनी घास पातळ होईपर्यंत चावण्याचा प्रचार केला. १९१८ मध्ये डॉक्टर लुलू हंट पीटर्स यांच्या पुस्तकाने कॅलरी मोजण्याची कल्पना सामान्य वाचकांपर्यंत नेली. १९३० च्या दशकात ग्रेपफ्रूट या फळाभोवती रचलेला 'हॉलिवूड आहार' लोकप्रिय झाला. विल्यम हे यांनी पिष्टमय पदार्थ व प्रथिने एका जेवणात एकत्र खाऊ नयेत असा नियम मांडला. डाळ, गहू, दूध असे पदार्थ स्वतःच दोन्ही घटकांचे मिश्रण असल्याने हा नियम तंतोतंत पाळणे मुळातच अशक्य आहे. तरीही तो नव्या नावांनी पुन्हापुन्हा प्रकट होत राहिला.

याच दशकात डायनायट्रोफेनॉल या रसायनाची दुर्घटना घडली. १९३३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी या रसायनाने चयापचयाचा वेग वाढून वजन उतरते असे दाखवले. हा परिणाम खरा होता. पेशींमध्ये अन्नातून मिळणारी ऊर्जा उपयोगी रूपात साठण्याऐवजी उष्णतेच्या रूपाने वाया जाते आणि त्यामुळे वजन घटते. परंतु मात्रा थोडी वाढताच शरीराचे तापमान आटोक्याबाहेर जाऊन मृत्यू ओढवतो. शिवाय अनेकांना मोतीबिंदू झाले. अमेरिकेत १९३८ च्या अन्न व औषध कायद्यानंतर त्याची विक्री थांबली. मात्र बेकायदेशीर विक्रीतून होणारे मृत्यू एकविसाव्या शतकातही नोंदले गेले आहेत.

१९७२ मध्ये रॉबर्ट अ‍ॅटकिन्स यांच्या पुस्तकाने अल्प-कर्बोदक आहार पुन्हा लोकप्रिय केला. १९७६ मध्ये रॉबर्ट लिन यांनी द्रवरूप प्रथिनांवर दीर्घकाळ उपवास करण्याची पद्धत मांडली. ही प्रथिने जनावरांची कातडी व स्नायुबंध यांपासून केलेली आणि निकृष्ट प्रतीची होती. वर्षभरातच अशा आहारांशी संबंधित सुमारे ६० मृत्यूंची नोंद झाली. त्यातील अनेकांचा अंत हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडून झाला होता.

एचसीजी आहार

कार्यकारणाची गल्लत कशी होते आणि शास्त्र ती कशी उलगडते, हे एचसीजी आहारावरून स्पष्ट होते. भारतात अनेक वर्षे काम करून पुढे रोममध्ये स्थायिक झालेले डॉक्टर आल्बर्ट सिमिअन्स यांनी १९५४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक पद्धत मांडली. गर्भवतीच्या शरीरात तयार होणाऱ्या एचसीजी या संप्रेरकाचे अल्प मात्रेतील इंजेक्शन दररोज घ्यायचे आणि दिवसाला फक्त ५०० किलोकॅलरी आहार ठेवायचा, अशी ही पद्धत होती. संप्रेरकामुळे नको तेथील चरबी मोकळी होते आणि भूक लागत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. रुग्णांचे वजन झपाट्याने उतरत असे आणि अनेक जण भूक जाणवत नसल्याचेही सांगत.

संशोधकांनी यावर साधा प्रश्न विचारला. इंजेक्शनातून संप्रेरकाऐवजी नुसते मिठाचे पाणी दिले तर काय होईल? रुग्णांच्या दोन गटांपैकी एकाला संप्रेरक आणि दुसऱ्याला मिठाचे पाणी देण्यात आले. कोणाला काय मिळते आहे हे रुग्णांनाही ठाऊक नव्हते आणि इंजेक्शन देणाऱ्यांनाही. ५०० किलोकॅलरींचा आहार दोन्ही गटांना सारखाच होता. अशा चाचण्यांत सर्वसाधारणपणे दोन्ही गटांचे वजन सारखेच घटले आणि भुकेच्या तक्रारीतही फरक दिसला नाही. १९९५ मध्ये अशा २४ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. संप्रेरकाचा वजन घटवण्यात काही वाटा असल्याचा पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. वजन घटवण्यासाठी हे औषध परिणामकारक ठरलेले नाही, असा इशारा त्याच्या वेष्टनावर छापणे अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी त्याआधीच बंधनकारक केले होते. तरीही या आहाराचा प्रसार थांबला नाही, कारण तो करणाऱ्या व्यक्तीला स्वतःचे वजन उतरताना प्रत्यक्ष दिसत असे. श्रेय उपाशी राहण्याचे होते. ते इंजेक्शनाच्या खात्यावर जमा होत होते.

चरबी घटण्याची क्रिया

सजीवांचे श्वसन हे एक प्रकारचे मंद ज्वलन आहे, हे फ्रेंच शास्त्रज्ञ आंत्वान लाव्वाझिए आणि पिएर-सिमॉं लाप्लास यांनी १७८२-८३ च्या हिवाळ्यात बर्फाच्या उपकरणात गिनीपिग ठेवून, वितळलेल्या बर्फाच्या मोजमापाने दाखवून दिले. पुढे अमेरिकेतील विल्बर अ‍ॅटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणूस आत राहू शकेल एवढ्या कोठडीत ऊर्जेची आवक-जावक मोजली. एक ग्रॅम प्रथिने किंवा कर्बोदकांपासून सुमारे ४ आणि एक ग्रॅम स्निग्ध पदार्थांपासून सुमारे ९ किलोकॅलरी मिळतात, हे आजही वापरले जाणारे अंक त्यांच्याच कामातून आले आहेत.

शरीर जेवढी ऊर्जा खर्च करते त्याहून कमी ऊर्जा अन्नातून मिळाली, तर उरलेली गरज साठ्यातून भागवली जाते. मेदपेशींतील चरबीचे विघटन होते आणि ऑक्सिजनशी संयोग होऊन तिचे रूपांतर कार्बन डायऑक्साइड व पाण्यात होते. १० किलो चरबीचे पूर्ण ज्वलन झाले, तर सुमारे ८.४ किलो वजन श्वासावाटे कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने आणि १.६ किलो पाण्याच्या रूपाने बाहेर पडते, असे गणित रुबेन मीरमन व अ‍ॅन्ड्र्यू ब्राउन यांनी २०१४ मध्ये मांडले. चरबी घामावाटे वितळून जात नाही. वाफेचे स्नान किंवा पोटाला गुंडाळलेला प्लास्टिकचा पट्टा यांनी उतरलेले वजन पाणी पिताच परत येते. ठरावीक अवयवाचा व्यायाम केल्याने त्याच भागावरील चरबी नाहीशी होते, या समजालाही फारसा आधार मिळालेला नाही.

पहिल्या आठवड्यातील आकर्षक घट समजून घेण्यासाठी ग्लायकोजेनकडे पाहावे लागते. यकृत व स्नायूंत मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम कर्बोदके ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असतात आणि दर ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी बांधलेले असते. भात, पोळी, साखर एकदम बंद केली की हा साठा काही दिवसांत उतरतो आणि त्याच्याबरोबरचे पाणीही निघून जाते. वजनकाट्यावर दीड-दोन किलोंचा फरक पडतो. त्यात चरबीचा वाटा अल्प असतो. पुन्हा नेहमीचे जेवण सुरू झाले की साठा भरतो आणि वजन परत येते. आहार सोडताच 'वजन दुप्पट वेगाने वाढले' अशी जी तक्रार ऐकू येते, तिचा एक भाग हाच असतो.

एक किलो मेद-ऊतीमध्ये साधारण ७,७०० किलोकॅलरी असतात. दिवसाला २,००० किलोकॅलरी खर्च करणाऱ्या व्यक्तीने सात दिवस पाण्याखेरीज काहीच घेतले नाही, तरी एकूण तूट १४,००० किलोकॅलरींची होते. ती सर्व चरबीतूनच भागली असे गृहीत धरले तरी दोन किलोंहून कमी चरबी घटेल. एका आठवड्यात पाच किलो 'चरबी' घटवण्याचा दावा या साध्या गुणाकार-भागाकारात टिकत नाही.

प्रत्यक्षात ही तूट केवळ चरबीतून भागतही नाही. मध्यम गतीने वजन घटतानाही घटलेल्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा चरबीखेरीज इतर ऊतींचा असतो. अन्न फार कमी आणि प्रथिने अपुरी असतील, तर स्नायूंचे नुकसान वाढते. पुरेशी प्रथिने आणि वजन उचलण्यासारखे स्नायूंना ताण देणारे व्यायाम यांमुळे हे नुकसान बऱ्याच अंशी टाळता येते. फळांच्या रसावर किंवा कोबीच्या सूपवर काढलेल्या आठवड्यात नेमकी याच दोन गोष्टींची वानवा असते.

आहारांची तुलना

कर्बोदके कमी करावीत की स्निग्ध पदार्थ, हा वाद बँटिंग यांच्या काळापासून चालू आहे. मोठ्या चाचण्यांनी त्याची धार बोथट केली आहे. २००९ मध्ये फ्रँक सॅक्स व सहकाऱ्यांनी ८११ प्रौढांवर केलेल्या अभ्यासात घटकांचे प्रमाण वेगवेगळे असलेल्या चार आहारांची दोन वर्षे तुलना केली; चारही गटांत घट जवळजवळ सारखीच होती. २०१८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या चमूने ६०९ जणांना अल्प-स्निग्ध किंवा अल्प-कर्बोदक आहार दिला. वर्षअखेरीस पहिल्या गटाची सरासरी घट ५.३ किलो आणि दुसऱ्याची ६ किलो होती. हा फरक सांख्यिकीदृष्ट्या अर्थपूर्ण नव्हता. जनुकांवरून किंवा इन्सुलिनच्या प्रतिसादावरून कोणाला कोणता आहार मानवेल हे आधी सांगता येईल, ही अपेक्षाही या अभ्यासात फोल ठरली.

सरासरीपेक्षा तिच्या आतील फरक अधिक बोलका होता. दोन्ही गटांत काहींचे वजन २५-३० किलोंनी उतरले, तर काहींचे वाढले. २००५ मध्ये मायकेल डॅन्सिंजर यांनी १६० व्यक्तींवर चार लोकप्रिय आहारांची तुलना केली, तेव्हा कोणता आहार घेतला यापेक्षा तो किती नेटाने पाळला याच्याशी घटीचा संबंध अधिक घट्ट आढळला. अर्थात, गार्डनर यांच्या अभ्यासातील दोन्ही गटांना मैदा व वरून घातलेली साखर टाळून भाज्या व कमीत कमी प्रक्रिया केलेले अन्न घेण्यास सांगितले होते. म्हणून 'कोणताही आहार चालतो' असा अर्थ यातून काढता येत नाही. अन्नावरील प्रक्रियेचे महत्त्व २०१९ मध्ये केव्हिन हॉल यांच्या प्रयोगात दिसले. रुग्णालयात राहणाऱ्या २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले आणि दोन आठवडे साधे अन्न हवे तेवढे खाण्याची मुभा दिली गेली. समोर ठेवलेल्या अन्नातील साखर, स्निग्धांश, तंतू यांचे प्रमाण शक्य तेवढे सारखे राखूनही अतिप्रक्रिया केलेले अन्न मिळत असताना ते दररोज सुमारे ५०० किलोकॅलरी अधिक खात होते.

खाल्लेल्या अन्नाचा स्वतःचा अंदाज हाही एक कच्चा दुवा आहे. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमधील एका अभ्यासात, कमी खाऊनही वजन उतरत नाही असे सांगणाऱ्या व्यक्तींचा ऊर्जाखर्च प्रत्यक्ष मोजण्यात आला. त्यांच्या चयापचयात दोष नव्हता. ते आपला आहार सरासरी ४७ टक्क्यांनी कमी आणि हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त सांगत होते. हा अप्रामाणिकपणा समजणे योग्य होणार नाही, कारण आहाराची नोंद ठेवताना कमी अंदाज बांधण्याची प्रवृत्ती सर्वच समाजांत व वजनगटांत आढळते.

घट टिकण्याचा प्रश्न

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी युद्धात लढण्यास नैतिक कारणास्तव नकार दिलेल्या ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. २४ आठवडे त्यांना दररोज सुमारे १,५७० किलोकॅलरी अन्न दिले गेले आणि त्यांचे वजन साधारण एक चतुर्थांशाने घटले. हे तरुण थंडीने कुडकुडत, चिडचिडे होत, पाककृतींची पुस्तके जमवत. त्यांच्या मनात अन्नाखेरीज विषय उरला नव्हता. पुरेसे अन्न मिळू लागल्यावरही त्यांची भूक दीर्घकाळ शमली नाही. हे सर्व धडधाकट, स्वेच्छेने आलेले आणि उद्दिष्टाशी बांधील तरुण होते. त्यामुळे वजन परत वाढणे म्हणजे केवळ मनोनिग्रहाचा अभाव, हे स्पष्टीकरण या प्रयोगापुढे अपुरे पडते.

या वागणुकीमागची जैविक यंत्रणा पुढे उलगडली. १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने मेदपेशींतून स्रवणारे लेप्टिन हे संप्रेरक शोधले. चरबी घटली की लेप्टिन उतरते आणि मेंदू त्याचा अर्थ उपासमार असा लावतो. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात, दहा आठवड्यांच्या कडक आहारानंतर बदललेली भुकेची संप्रेरके वर्षभरानेही मूळ पातळीवर आलेली नव्हती. अमेरिकेतील वजन घटवण्याच्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ जणांची सहा वर्षांनी तपासणी झाली. त्यांपैकी बहुतेकांचे वजन बरेचसे परत आले होते, तरीही विश्रांतीच्या अवस्थेतील त्यांचा ऊर्जाखर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरींनी कमी होता.

याचा परिणाम हिशेबावरही होतो. रोज ५०० किलोकॅलरी कमी केल्यास दर आठवड्याला एक पौंड वजन उतरत राहते, हा १९५८ पासून रूढ झालेला नियम पहिल्या काही आठवड्यांपुरताच जवळपास खरा आहे. शरीर हलके झाले की त्याचा खर्चही घटतो, त्यामुळे तोच आहार हळूहळू वजन स्थिर ठेवणारा आहार बनतो. घट थांबली म्हणजे पद्धत 'चालेनाशी झाली' असे समजून पुष्कळ जण दुसऱ्या आहाराकडे वळतात. वास्तविक ही अपेक्षित अवस्था असते. दीर्घकाळ घट टिकवणाऱ्यांची नोंद ठेवण्यासाठी रीना विंग व जेम्स हिल यांनी १९९४ मध्ये अमेरिकेत एक राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. नियमित व भरपूर शारीरिक हालचाल आणि वेळोवेळी वजन पाहण्याची सवय या गोष्टी त्यांतील बहुतेकांत समान आढळतात.

भारतीय संदर्भ

भारतीयांच्या बाबतीत वजनापेक्षा चरबीचे प्रमाण व स्थान अधिक महत्त्वाचे ठरते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३ होता, मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के चरबी होती. दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून हे निरीक्षण 'वाय-वाय विरोधाभास' म्हणून ओळखले जाते. दिसायला सडपातळ पण चरबीचे प्रमाण जास्त, या शरीररचनेमुळे भारतीयांसाठी अतिवजनाची मर्यादा २३ आणि लठ्ठपणाची २५ अशी खाली आणण्यात आली. कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक असणे धोक्याचे मानले जाते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) २४ टक्के स्त्रिया आणि २२.९ टक्के पुरुषांचा इंडेक्स २५ किंवा त्याहून अधिक आढळला.

अशा शरीररचनेत स्नायू गमावणे अधिकच महाग पडते. भात, पोळी, भाकरी यांवर भर असलेल्या नेहमीच्या जेवणात प्रथिने आधीच बेताची असतात; त्यात डाळ व दूध कमी करणारा कडक आहार घेतल्यास काट्यावरचा आकडा उतरतो, पण चरबीचे प्रमाण त्या मानाने सुधारत नाही. अमेरिकेतील एका मोटार कंपनीने कर्मचाऱ्यांसाठी तयार केला असे सांगितला जाणारा सात दिवसांचा 'जीएम आहार' भारतात फार लोकप्रिय आहे. कंपनीशी त्याचा संबंध असल्याचा पुरावा उपलब्ध नाही. त्यातील एक दिवस फक्त फळांचा आणि एक दिवस फक्त भाज्यांचा असतो.

उपवासाची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे, परंतु तिचा हेतू धार्मिक आहे आणि 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण तिच्या आहारमूल्याविषयी पुरेसे सांगून जाते. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट असतो. त्यात शेंगदाण्याचे कूट, तूप आणि बटाटा पडल्यावर खिचडीची एक थाळी नेहमीच्या वरण-भात-भाजीपेक्षा कमी ऊर्जेची राहत नाही.

डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्रभर प्रसृत केलेली पद्धत सामान्यतः 'दीक्षित आहार' या नावाने ओळखली जाते. खरी भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच आणि प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवण संपवावे, असा तिचा गाभा आहे. दर वेळी खाल्ल्यावर इन्सुलिन स्रवते, म्हणून खाण्याच्या वेळा कमी कराव्यात, अशी तिची उपपत्ती आहे. या पद्धतीसाठी काहीही विकत घ्यावे लागत नाही आणि चहा-बिस्किटे, फरसाण, येता-जाता तोंडात टाकलेले पदार्थ आपोआप बंद होतात. तिची लोकप्रियता आणि अनेकांना आलेला अनुभव यांचे स्पष्टीकरण यातच मिळू शकते. घट इन्सुलिनमुळे होते की कमी खाल्ल्यामुळे, हे ठरवण्यासाठी मात्र तुलनात्मक चाचण्या लागतात. तिच्याशी साधर्म्य असलेल्या, खाण्याचे तास मर्यादित ठेवणाऱ्या पद्धतीची चीनमधील ग्वांगझू येथे १३९ व्यक्तींवर वर्षभर चाचणी झाली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, कॅलरी सारख्याच कमी केल्या असता तासांचे बंधन असलेल्या व नसलेल्या गटांच्या वजनघटीत अर्थपूर्ण फरक आढळला नाही. वेळेचे बंधन हे कमी खाण्याचे एक सोयीचे साधन ठरू शकते. त्याचा वेगळा चमत्कार सिद्ध झालेला नाही. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्या मधुमेहींनी औषधांची मात्रा न बदलता जेवणांतील अंतर वाढवल्यास रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते.

वैद्यकीय उपचार

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्था आठवड्याला साधारण अर्धा किलो घट सुरक्षित मानते आणि वजन घटवण्याचा आहार दिवसाला १,००० किलोकॅलरींपेक्षा कमी नसावा असे सुचवते. हा वेग जाहिरातींच्या तुलनेत नीरस वाटतो. परंतु आरोग्याचा लाभ अल्प घटीतूनही मिळतो. अमेरिकेतील मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमात ३,२३४ व्यक्तींचा समावेश होता. त्यात ७ टक्के वजनघट आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम हे उद्दिष्ट ठेवलेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. मेटफॉर्मिन औषध घेणाऱ्या गटातील ३१ टक्क्यांपेक्षा हा लाभ मोठा होता. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी केलेल्या अशाच भारतीय अभ्यासात (२००६) जीवनशैलीतील बदलांनी धोका सुमारे २८ टक्क्यांनी घटला.

कडक आहार नेहमीच अशास्त्रीय असतो असेही नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील 'डायरेक्ट' चाचणीत टाइप-२ मधुमेहाच्या रुग्णांना तीन ते पाच महिने सुमारे ८२५ ते ८५३ किलोकॅलरींचा द्रवरूप आहार देण्यात आला. वर्षाअखेरीस उपचार-गटातील ४६ टक्के रुग्णांचा मधुमेह औषधांविना आटोक्यात होता. वरवर पाहता हा आहार १९७६ च्या द्रवरूप प्रथिनांसारखाच दिसतो. परंतु यात सर्व पोषकद्रव्ये पुरेशी होती, रुग्णांची निवड व तपासणी होत होती, नेहमीच्या अन्नाकडे टप्प्याटप्प्याने परतण्याची योजना होती आणि अपयशाचीही नोंद ठेवली गेली. दुसऱ्या वर्षाअखेर हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले, हेही संशोधकांनी प्रसिद्ध केले.

सेमाग्लूटाइड व तिर्झेपाटाइड ही भूक कमी करणारी इंजेक्शने २०२५ पासून वजन घटवण्यासाठी भारतात उपलब्ध आहेत. २०२१ मधील चाचणीत सेमाग्लूटाइड घेणाऱ्यांचे वजन ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्क्यांनी घटले. औषध थांबवल्यानंतर वर्षभरात त्यातील सुमारे दोन-तृतीयांश परत आले. त्यामुळे लठ्ठपणाकडे रक्तदाबासारखा दीर्घकालीन विकार म्हणून पाहण्याकडे वैद्यकीय कल वाढला आहे.

धोके आणि नियमन

अतिजलद वजनघटीने पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. पोटॅशियमसारख्या क्षारांचे असंतुलन, केस गळणे आणि मासिक पाळीतील अनियमितता हे इतर परिणाम आहेत. वारंवार कडक आहार घेणाऱ्या किशोरवयीन मुलामुलींमध्ये खाण्याशी संबंधित मानसिक विकारांचा धोका अधिक असतो. गर्भवती, स्तनदा माता आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांच्यासाठी असे प्रयोग विशेष घातक ठरू शकतात.

भारतात औषधे व जादूई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ च्या परिशिष्टात लठ्ठपणाचा समावेश आहे; म्हणजे तो बरा करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात सामान्य जनतेसाठी करणे हा गुन्हा आहे. आहारपद्धती, पुस्तके व समाजमाध्यमांवरील सल्ला हे औषध नसल्याने बहुतांशी या कायद्याच्या कक्षेबाहेर राहतात. सिब्युट्रामिन हे भूक मारणारे औषध हृदयविकाराच्या धोक्यामुळे २०११ मध्ये भारतात बंद करण्यात आले. त्यानंतरही 'वनौषधी' किंवा 'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या वजन घटवण्याच्या गोळ्या व चहा यांमध्ये ते गुपचूप मिसळलेले असल्याचे विविध देशांच्या औषध नियंत्रकांना तपासणीत आढळत आले आहे.